आज गोदामात कोण जाणार?

माइकवाले दादा, आधी तो इको बंद करा बरं. थोडा नाही, पूर्ण बंद. हां, आता ठीक. नानांच्या शोकसभेत माइकला इको लावलेला नानांना चालला नसता. आणि मला तर तो नकोच आहे. का नको, तेच सांगायला मी आज सकाळच्या गाडीने पारोळ्याहून आले आहे.

नानी, शेटजी, हेमंतराव, मिलमधली मंडळी, नानांकडे कधी ना कधी गायलेले-वाजवलेले तुम्ही सगळे. मी निर्मला. पारोळ्याच्या शाळेत शिकवते. बोलायचं मला कधी वावडं नव्हतं, उलट घरात सगळे म्हणतात की हिला कुणीतरी थांबवा. पण आज मी लिहून आणलं होतं. एसटीत दोनदा वाचूनही पाहिलं. तो कागद पर्समध्ये आहे आणि तिथेच राहू दे. कारण त्या कागदावर मी स्वतःला फार चांगलं लिहिलंय.

नानांना जाऊन आज आठ दिवस झाले. नानींकडे सकाळचा चहा मागितला, आणि चहा घेऊन नानी येईपर्यंत गेले. कुणाला उठवलं नाही, कुणाला त्रास दिला नाही. नानांचं सगळं असंच असायचं.

तुमच्यात काहीजण असे असतील ज्यांनी नानांना फक्त वयस्कर गृहस्थ म्हणून पाहिलं. डाळमिलच्या शेजारच्या खोलीत राहणारे, खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर ठेवणारे. त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाकीच्यांनी पुन्हा ऐका. पुन्हा ऐकायला काय जातं?

नाना मूळचे साक्रीकडचे. जळगावात आले ते रेडिओ दुरुस्त करायला, आणि इथेच राहिले. कॅसेटचा जमाना आला तेव्हा त्यांनी कुठून तरी चार पट्ट्यांचं रेकॉर्डिंग मशिन आणलं. चार पट्ट्या म्हणजे काय, तर एकाच कॅसेटवर चार आवाज, शेजारी शेजारी, पण वेगवेगळे. एका पट्टीवर मुख्य गाणारी बाई. दुसऱ्या पट्टीवर तिला साथ देणारी. तिसरीवर ढोलकी आणि पेटी एकत्र. आणि चौथी पट्टी नाना रिकामी ठेवायचे. ती पट्टी या गोदामाची.

हो, याच गोदामाची. आपण आत्ता जिथे बसलोय त्याची.

झालं असं होतं की गाण्याला इको पाहिजे. आवाज घुमला नाही तर लोकांना कॅसेट ऐकल्यासारखी वाटायची नाही. आणि नानांकडे इकोचं यंत्र नव्हतं. नानांकडे होती ती खोली, आणि खोलीला लागून शेटजींचं हे गोदाम. मग नानांनी काय केलं, मशिनच्या मागून एक वायर काढली, खिडकीतून या गोदामात आणली, त्या तिकडच्या कोपऱ्यात एक स्पीकर ठेवला. आणि या टोकाला, मी उभी आहे ना साधारण इथे, एक माइक. बाईचा आवाज वायरीतून स्पीकरमध्ये यायचा, गोदामात सगळीकडे फिरायचा, भिंतीला लागायचा, वरच्या पत्र्याला लागायचा, आणि फिरून थकून या माइकात शिरायचा. तिथून चौथ्या पट्टीवर. झाला इको. शेटजी, तुम्ही रविवारी मिल बंद असताना गोदाम उघडं ठेवलंत. कधी हो-नाही केलं नाहीत. खान्देशातल्या कितीतरी लग्नांत आणि श्रावणात बसवलेल्या कितीतरी कानबाई देवींपुढे जो आवाज घुमला, तो तुमच्या तुरीच्या पोत्यांमधून फिरून आलेला होता.

पण एक अडचण होती, मंडळी. आणि माझं सगळं बोलणं त्या अडचणीवरच आहे, तेव्हा नीट ऐका. त्या मशिनला आवाज बाहेर काढायचं भोक एकच होतं. एकच. म्हणजे गोदामात एका वेळी एकच जण जाऊ शकायचा. दोघांना एकदम धाडलं तर स्पीकरमधून दोघांची खिचडी होऊन परत यायची. मग ढोलकी कुठली आणि बाई कुठली, ते देवाला ठाऊक.

म्हणून रविवारी आम्ही जमलो की पहिला प्रश्न हाच. नाना खोलीच्या दारात उभे राहून विचारायचे, "आज गोदाममा कोन जाई?" बाहेरच्या माणसाला वाटायचं, पोती उतरवायची आहेत. आम्हाला कळायचं की आज इको कुणाला. आणि मग जी भांडणं व्हायची. भिका आप्पा, तुम्ही हसताय. सांगू का? आप्पा आमचे पेटीवाले. त्यांचं वर्षानुवर्षं एकच म्हणणं, नाना, एकदा तरी मन्ही पेटीले धाडा. शेवटी एकदा नानांनी धाडली. ऐकल्यावर आप्पाच म्हणाले की परत आणा तिला. पेटी विहिरीत पडल्यासारखी वाजत होती.

आमच्यात ते बोलणंच होऊन बसलं होतं. 'ती गोदामात जाते' म्हणजे ती मोठी गायिका. 'त्याला कुणी गोदामात धाडत नाही' म्हणजे तो आपला असाच. माझ्या नवऱ्याशी भांडताना मी एकदा म्हटलं होतं, तुम्ही मला कधी गोदामात धाडलंत का? तो बिचारा घाबरून बघत राहिला.

आणि टाळी आठवते ना? रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी नाना एकटे गोदामात जायचे. मधोमध उभे राहायचे. आणि एकच टाळी वाजवायचे. मग मान खाली घालून ऐकायचे. माघ-फाल्गुनात तूर आली की गोदाम छतापर्यंत भरलेलं, तेव्हा टाळी वाजल्याबरोबर मरायची. पोती सगळा आवाज पिऊन टाकायची. आषाढात गोदाम रिकामं, तेव्हा तीच टाळी कितीतरी वेळ फिरत राहायची. बाहेर येऊन नाना सांगायचे, आज अर्धं भरेल शे, म्हणजे अर्धं भरलेलं आहे. आज पाव शे. मुकादम आत जाऊन पाहायचा तर खरंच तेवढीच पोती. त्यामुळे नानांची कॅसेट ऐकून आम्हाला महिना ओळखू यायचा. घुमतेय म्हणजे आषाढातली. घुमत नाही म्हणजे तुरीच्या दिवसातली.

यावरून एक फजिती झाली होती, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कानबाईचं एक गाणं एका रविवारी अर्धंच झालं, वीज गेली. ध्रुपद झालं होतं, अंतरे राहिले होते. म्हटलं पुढच्या रविवारी करू. मधल्या आठवड्यात शेटजींचे दोन ट्रक उतरले. कुणाच्या लक्षात नाही. नानांनीही त्या दिवशी घाईत टाळी वाजवली नाही. आणि ते गाणं असं झालं की ध्रुपदात बाई देवळात उभी आहे, आणि अंतऱ्यात एकदम गोधड्यांच्या पेटीत. पुन्हा ध्रुपद, पुन्हा देवळात. आम्ही शरमेने मेलो. कॅसेट तर बाहेर गेलेली. आणि श्रावणात बाया नानांना शोधत आल्या. म्हणाल्या, नाना, देवी आधी लांबून येस आनि मंग एकदम कानजोडे बोलस, हाई कसं करं? नानांनी गंभीर चेहरा करून मान हलवली. पण त्यानंतर टाळी चुकवली नाही कधी.

आता मुख्य गाणारी बाई कोण, ते तुम्हाला माहीत आहे. माझी अक्का. माझी थोरली बहीण. पारोळ्यापासून साक्रीपर्यंत कानबाईच्या रात्री जिच्या कॅसेटशिवाय व्हायच्या नाहीत, ती. आणि साथीला मी. अक्का एक ओळ म्हणायची, मी तीच ओळ उचलायची. दोघी बहिणी पहाटेच्या गाडीने यायचो, नानी आम्हाला कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायच्या, आणि दुपारपर्यंत गाणी. आधी अक्काचा आवाज घ्यायचे, तेव्हा मी बाहेर नानींजवळ; मग माझा, तेव्हा माझ्या कानात अक्का गोदामातून फिरून आलेलीच. काय दिवस होते. मला आजही रविवारी सकाळी डोळे उघडले की आधी तुरीचा वास आठवतो.

गोदामात कायम अक्का जायची. मी कधीच नाही. एकदाही नाही.

सुरुवातीला मला काही वाटलं नाही. ती मोठी, मुख्य आवाज तिचा. पण पुढे पुढे माझाही आवाज तयार झाला होता. लोक म्हणायचे तसं. निदान मला ऐकू यायचं की लोक म्हणतात. शेवटच्या कॅसेटला मी नानांना आधीच सांगून ठेवलं होतं की या वेळी दोन गाण्यांत मला धाडा. नाना बघू म्हणाले.

कॅसेट आली. माझ्या घरी गल्लीतल्या बाया जमवून मी ती लावली. चहा-पोहे केले होते. आणि काय ऐकते? अक्का नेहमीसारखी देवळातून. आणि मी? मी ओट्यावरून. कोरडी, उघडी, जशी घरात बोलते तशी. माझी जाऊ म्हणाली, तुम्ही गात होत्या की कुणाला हाक मारत होत्या? सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि पुढच्या रविवारी एकटीच जळगावला आले.

नाना खोलीत वायर गुंडाळत बसले होते. मी उभ्या उभ्या विचारलं, मला का नाही? ते म्हणाले, वाट एकच शे, निमू. मी म्हटलं, मग अर्धी गाणी तिला आणि अर्धी मला, यात काय अवघड आहे? ते वायर गुंडाळत राहिले. त्यांचं ते न बोलणं मला इतकं झोंबलं की मी म्हणाले, "नाना, तुम्ही माणूस पाहून इको देता."

त्यांनी वर पाहिलं. नुसतं म्हणाले, "च्या लेशी ना?"

मी चहा घेतला नाही. नानी कप घेऊन आल्या होत्या, नानी, तुम्हाला आठवत असेल. तुमच्या हातातल्या कपाकडे न बघता मी बाहेर पडले. आपल्याकडे पाणी नाकारलं तर चालेल एकवेळ, पण भरलेला चहा सोडून उठायचं, याचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. नानींनाही कळला. त्या दिवसापासून मी गाणं सोडलं.

आणि नुसतं सोडलं असतं तर एक. मी ते वाक्य गावभर केलं. लग्नात, हळदीकुंकवात, शाळेत मधल्या सुट्टीत. नाना माणूस पाहून इको देतात. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ते माझ्या तोंडून ऐकलंय. माना खाली घालू नका, ऐकलंय हे मला माहीत आहे. काहींनी ते पुढेही सांगितलं. माझ्या बोलण्याने दोन-तीन गायिका नानांकडे जायच्या बंद झाल्या. हे नानांना कळलं होतं. ते कुणाला काही म्हणाले नाहीत.

अक्काला मी भांडण सांगितलं, तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग खोकला आला तिला. मग म्हणाली, बरं, नको जाऊस. आणि तीही गेली नाही. पुढच्या वर्षी आमची कॅसेट निघाली नाही. लोक म्हणाले, बहिणीसाठी बहिणीने गाणं सोडलं. मलाही तेच वाटलं. किती मोठी समजत होते हो मी स्वतःला.

त्यानंतर दोन वर्षांनी अक्का गेली. दम्याने. तिला दमा होता हे आम्हाला माहीत होतं, पण किती होता, ते तिने कळू दिलं नव्हतं. आम्ही गात होतो तेव्हाही घरी ती मलाच पुढे गायला लावायची, स्वतः मागून एखादी ओळ. मला वाटायचं, हा तिचा मोठेपणा.

अक्काच्या वेळी नाना आले होते. जळगावहून पारोळ्याला, उन्हाचे. गल्लीच्या टोकाला उभे होते, टोपी हातात धरून. मी त्यांच्या जवळून गेले आणि या म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. ते तासभर उभे राहिले आणि गेले.

भांडणापासून धरून सात वर्षं गेली अशी. मग मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मला पोस्टकार्ड आलं. नानांचं अक्षर, मुंग्या चालल्यासारखं. लिहिलं होतं की धुळ्याला जावईबापूंनी, म्हणजे या हेमंतरावांनी, क्लाससाठी कॉम्प्युटर घेतला आहे, जुन्या पट्ट्या त्यात उतरवतो आहे. तुझ्या आवाजाला तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. ये.

मी जाणार नव्हते. पण अक्काचा आवाज ऐकायला मिळेल, म्हणून गेले. नानांसाठी नाही गेले, हे आज कबूल करते.

हेमंतराव, तुमच्या त्या क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत यावं लागायचं, आणि कॉम्प्युटरला फुलाफुलांचं झाकण होतं. नाना तुमच्या शेजारी खुर्चीवर एखाद्या नवीन विद्यार्थ्यासारखे बसले होते. मला पाहून उठले. कॅसेटच्या तीन पट्ट्या चांगल्या होत्या. चौथी, गोदामाची, अगदी कडेला असल्यामुळे घासून गेली होती. हेमंतराव मोठ्या उत्साहाने सांगायला लागले की काळजी नको, गोदाम आता यातच आहे, हा बघा इको. वाटेल तेवढ्या पट्ट्या करा, आवाज कापा, जोडा, पुढे न्या, मागे न्या.

नानांनी एकच विचारलं. दोन जणींना दोन वेगवेगळे इको देता येतील का?

हेमंतराव थांबले. म्हणाले, नाही नाना, एका वेळी एकच. सगळ्यांसाठी मिळून एकच वाट ठेवलीय यात. दुसरा लावला की कॉम्प्युटर जागच्या जागी थिजतो.

नाना जे हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "जवाईबापू, ह्याले बी एकच वाट शे. मंग मना गोदाममा काय वाईट व्हतं?"

मीही हसले असते. पण माझ्या मनात तेच जुनं. मी म्हटलं, नाना, मग आज तरी मला द्या. नानांचं हसू थांबलं. माझ्याकडे पाहत म्हणाले, अक्काचा काढावा लागेल. मी म्हटलं, काढा.

बघा, किती सहज म्हटलं मी ते. काढा.

हेमंतरावांनी अक्काचा इको काढला आणि माझ्या आवाजाला लावला. आणि गाणं सुरू केलं.

मंडळी, अक्काचा त्या वर्षांतला उघडा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा श्वास तुटत होता. विहिरीतलं पाणी संपल्यावर मोटर हवा ओढते ना, तसा आवाज. दोन शब्दांच्या मध्ये बारीक शिट्टी. शेवटचं अक्षर तर ती म्हणतच नव्हती, दमच नव्हता म्हणायला. गोदामाने ते सगळं झाकलं होतं. तिचं अर्धं अक्षर घेऊन गोदाम ते पुरं करायचं. गावोगाव ज्या आवाजाला लोक देवीचा आवाज म्हणायचे, त्यातला निम्मा दम या भिंतींचा होता.

आणि माझा आवाज? माझ्या आवाजाला इको लागला होता. लांबून येत होता. गोड होता. आणि काही कामाचा नव्हता. कारण अक्काचा श्वास तुटायचा तिथे तिला धरायला जवळ कुणीच नव्हतं. आधी तिथे मी होते. ओट्यावरून बोलणारी, कोरडी, अगदी कानाशी. तिची ओळ पडायच्या आत उचलून घेणारी. आणि मलाच माहीत नव्हतं की मी काय उचलतेय.

मी नानांकडे पाहिलं. मला विचारायचीही गरज पडली नाही. ते हळूच म्हणाले, अक्कानेच सांगितलं होतं. कॅसेटच्या शेवटच्या तीन वर्षांत. मना दम कोनले आयकू येवाले नको, नाना. आनि निमूले सांगू नका. ती गानं सोडी देई.

मी गाणं सोडू नये म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही म्हणून मी गाणं सोडलं.

मी विचारलं, अक्का गेल्यावर तरी का नाही सांगितलं? ते म्हणाले, तिला शब्द दिला होता. ती गेली म्हणून शब्द कुठे जातो? मग म्हणाले, "दोन वाटा व्हत्यात तर दोन्हीसले धाडतू, निमू. पन एक जन दूर जाई राहिनी व्हती. एक जन जोडे पाहिजे व्हती." जोडे. अगदी जवळ.

सात वर्षं मी त्यांना बोल लावला. सात वर्षं हा माणूस माझे बोल ऐकत राहिला, आणि माझ्या बहिणीचा श्वास झाकत राहिला. ती असताना गोदामाने झाकला, ती गेल्यावर स्वतःच्या बदनामीने झाकला. आपल्यापैकी कुणाला जमलं असतं हो? मला नसतं जमलं. मी दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं.

मी म्हटलं, नाना, होतं तसं करा. हेमंतरावांनी केलं. अक्का पुन्हा देवळात गेली, मी पुन्हा ओट्यावर आले. आम्ही तिघांनी ते गाणं पूर्ण ऐकलं. मी रडत होते, हेमंतराव कीबोर्डकडे बघत होते, आणि नाना बोटाने मांडीवर ताल धरत होते.

त्या दिवशी मी चहा घेतला. दोन कप घेतला. पण माफी मागितली नाही. तोंडापर्यंत आली होती. माझ्यासारख्या बाईला सगळं बोलता येतं, तेवढं एक बोलता येत नाही. निघताना नाना मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. म्हणाले, आषाढात गोदाम रिकामं होईल. येशील गायला? आता तुला धाडतो.

आणि मी काय म्हटलं, माहीत आहे? मी म्हटलं, बघते.

बघते. आपल्याकडे 'बघते'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. नाही म्हणायचं नसतं आणि हो म्हणायचा मान द्यायचा नसतो, तेव्हा आपण 'बघते' म्हणतो. मी मनातून येणार होते. रोज शाळेतून आल्यावर दार लावून आवाज लावत होते. पण त्यांना तसं कळवलं नाही. म्हटलं, आषाढात एकदम जाऊन उभी राहीन. त्यांचा चेहरा पाहीन.

आषाढ आलाय, मंडळी. गोदाम रिकामं आहे. मी आलेय.

नानी, तुमच्यासमोर, या सगळ्यांसमोर मी माझा तो शब्द परत घेते. नाना माणूस पाहून इको देतात, असं मी म्हणत होते. ते खरंच होतं. ते माणूस पाहूनच द्यायचे. मला पाहायला उशीर झाला. ज्यांनी ज्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं, त्यांनी हेही माझ्याच तोंडून ऐकून जा, आणि त्याच्यासारखंच पुढे सांगा. आणि नानी, तो त्या दिवशीचा चहा. आज सभा झाल्यावर मी तुमच्याकडे येणार आहे. करा.

आता दोन मिनिटं उभं राहण्याआधी एक मागणं आहे. शोकसभेत टाळी वाजवत नाहीत, शाळेत मी स्वतः पोरांना हे शिकवते. तरी मला एक वाजवू द्या. एकच, आणि मी एकटीच वाजवणार. माइकवाले दादा, आता माइकही बंद करा. माझा आवाज मोठा आहे, मागपर्यंत येईल.

ऐकलंत?

फिरली नाही. आषाढात, रिकाम्या गोदामात, एकही पोतं नसताना, नुसती माणसं बसलेली असताना टाळी जागच्या जागी विरली. नाना इथे असते तर मान खाली घालून ऐकलं असतं, बाहेर दारात गेले असते, आणि आपल्याला सांगितलं असतं.

नाना, आज मी सांगते. गोदाम भरेल शे. पार छतलोंग भरेल शे.

उभे राहू या.